कष्ट त्यांचे, नाव दुसऱ्याचं

आज आम्ही अमेरिकेतले लेखक डाल्टन ट्रम्बो यांची गोष्ट सांगणार आहोत. वडील गेल्यावर आई-बहिणींसाठी ते रात्रपाळीला बेकरीत राबले, उरलेल्या वेळात लिहीत राहिले. पुढे कादंबरीकार झाले, सिनेमेही लिहू लागले. १९४७ साली संसदेच्या समितीनं विचारलं, ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात का?’ त्यांनी उत्तर द्यायला नकार दिला. तुरुंगवास झाला, उघडपणे काम मिळेना. मग ते दुसऱ्यांच्या नावानं लिहू लागले. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचं ऑस्कर मित्राच्या नावावर गेलं. १९६० साली ‘स्पार्टाकस’मध्ये त्यांचं नाव पुन्हा पडद्यावर आलं. १९७६ साली ते वारले. ‘रोमन हॉलिडे’चं ऑस्कर १९९३ साली त्यांच्या पत्नी क्लिओ यांनी स्वीकारलं. मैत्रिणींनो, कष्ट आपले असतील, तर नावही आपलंच लागायला हवं, असं आम्हाला वाटतं.