नौकेचा विमा : बचत हप्त्यात, संरक्षणात नव्हे

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’, जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांचे अतोनात नुकसान केले. नौका हे मच्छीमार कुटुंबाचे बहुधा सर्वांत मोठे भांडवल असते. तरीही डिझेल, बर्फ आणि खलाशांचे पगार भागविताना विम्याचा हप्ता जड वाटतो आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावरच पडते. हप्त्यात बचत करणे शक्य आहे. मात्र ती योग्य ठिकाणी व्हायला हवी.

कमी मूल्याचा मोह टाळा

हप्ता कमी यावा म्हणून नौकेची किंमत कमी दाखविणे, ही सर्वांत महागडी बचत होय. सागरी विमा कायदा, १९६३ नुसार विम्याखाली न आलेल्या रकमेपुरता मालक स्वतःच स्वतःचा विमेदार मानला जातो. समजा, ४० लाख रुपये मूल्याच्या नौकेचा विमा २० लाखांचाच उतरविला आणि ६ लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई सुमारे ३ लाखांचीच मिळेल. नौका, इंजिन व जाळी यांचे मूल्य स्वतंत्रपणे काढून घ्यावे. जाळी विम्यात समाविष्ट आहेत, असे गृहीत धरू नये.

लहान नुकसान स्वतः सोसा

प्रत्येक दाव्यातील ठरावीक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते. ही रक्कम स्वेच्छेने वाढविल्यास हप्ता कमी होऊ शकतो. किरकोळ दुरुस्ती स्वखर्चाने करण्याची ऐपत असेल, तर हा मार्ग किफायतशीर ठरतो. नूतनीकरणापूर्वी किमान दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत. दावा न केलेल्या वर्षांबद्दल सवलत मिळते का, हेही विचारावे.

शाकारलेल्या नौकेची सवलत

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. नौका बंद असलेल्या काळासाठी हप्त्याचा काही भाग परत देण्याची तरतूद काही पॉलिसींमध्ये असते. तशी तरतूद असल्यास कंपनीला तारखा लेखी कळवाव्यात. मात्र या काळात विमाच बंद करू नये. ‘निसर्ग’ ३ जून रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर धडकले होते, हे विसरता कामा नये.

शासकीय साहाय्य

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमार नौकांच्या विमा हप्त्यासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विम्याचाही तीत समावेश होता. अपघाती मृत्यूबद्दल ५ लाख रुपयांच्या या संरक्षणाचा हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नव्हता. अशा साहाय्याची सद्यःस्थिती व पात्रतेचे निकष यांची माहिती मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयातून घ्यावी.

अटींकडे दुर्लक्ष नको

मासेमारीचे क्षेत्र, तांडेलाची पात्रता, खलाशांची संख्या आदी बाबी पॉलिसीत हमी म्हणून नमूद असतील, तर त्यांचे तंतोतंत पालन करणे कायद्याने बंधनकारक आहे. नौकेचे वय, बदललेले इंजिन, पूर्वीचे अपघात यांसारखी महत्त्वाची माहिती दडविल्यास कंपनी करारच रद्द ठरवू शकते. अपघातानंतर नुकसान वाढू नये यासाठी वाजवी प्रयत्न करणे, हेही मालकाचे कर्तव्य आहे. नौका ओढून आणण्याच्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पॉलिसीत तशी तरतूद असल्यास तो खर्च मिळू शकतो.

विमा कायदा, १९३८ नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. म्हणून मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरण करावे. नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, दुरुस्तीची बिले व पॉलिसी यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात. नौकेबरोबर कागदपत्रेही बुडाली, तर दावा सिद्ध करणे अवघड होऊन बसते.