चांगदेवांच्या वाघाची कुळकथा

भिंतीवर बसलेली चार भावंडं, भिंत चालते आहे. समोरून चांगदेव येताहेत, वाघावर स्वार, हातात सापाचा आसूड. मराठी माणसाला या चित्राची ओळख करून द्यावी लागत नाही. आम्हां मुक्ताईनगरकरांना तर ते घरचंच वाटतं. चांगदेवांचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईचं कोथळीला. जुन्या एदलाबादचं नावही तिच्यावरूनच बदललं.

वाघाचं कूळ मात्र दूरवर पसरलेलं आहे. तुर्कस्तानात तेराव्या शतकातल्या हाजी बेक्ताश या सूफी संताची गोष्ट सांगतात. एक संत सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन भेटीला आला. बेक्ताश खडकावर बसले आणि खडकच चालवत सामोरे गेले. आपल्याकडे खडकाची भिंत झाली, सिंहाचा वाघ. वाघ आला तो आपल्या रानातून, असंच मला वाटतं.

महिपतींनी १७६२च्या ‘भक्तिविजया’त ही कथा सांगितली आणि ती घरोघर वाचली गेली. पुढे पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, मुंबईत १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना. शिळेवर छापलेल्या रंगीत तसबिरींमुळे देव-संत साध्या घरांच्या भिंतींवर आले. एकेका रंगाची शिळा वेगळी, कागद पुन्हा पुन्हा दाबायचा. जपानी कारागीर हेच काम चेरीच्या लाकडी ठशांनी करत. त्यांच्या चित्रांत वाघ पुष्कळ, पण देशात एकही नव्हता. कातडी, चिनी चित्रं आणि घरातली मांजर पाहून ते वाघ काढत. १८६०मध्ये एदो शहरात बिबट्या आला, तर लोकांनी त्यालाच वाघ म्हणून पाहिलं आणि चित्रकारांनी तसाच छापला!

आपल्या तसबिरीतला वाघ जवळून पाहा. पट्टे सारख्या अंतरावर ओढलेले, डोळे माणसासारखे, चेहरा गरीब गाईचा. जपान्यांकडे वाघ नव्हता म्हणून त्यांचं चुकलं. आपल्याकडे तर तो शिवारात होता आणि आहे. वढोद्याच्या रानात, डोलारखेड्याच्या बाजूला, पूर्णाकाठच्या केळीच्या बागांपर्यंत तो येतो. त्या जंगलाला सरकारने मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र असं नाव दिलं आहे. कोथळीला दर्शनाला याल, तेव्हा तसबीर जरूर घ्या. पण ते रानही राखायला हातभार लावा.