मानमोडी

सकाळी खुराडं उघडावं आणि एखादी कोंबडी मान पिळवटून जागच्या जागी गरगरताना दिसावी. हिरवट पातळ विष्ठा, उघडी चोच, लुळा पडलेला पंख. वसईच्या पूर्व पट्ट्यातल्या पाड्यांवर घरटी पाच-दहा गावठी कोंबड्या असतात. तिथे 'मानमोडी आली' एवढं कानावर आलं तरी पोटात गोळा येतो, कारण चार-आठ दिवसांत खुराडी ओस पडू शकतात.

सरकारी दवाखान्यात याच रोगाला राणीखेत म्हणतात, तर जगभरच्या पुस्तकांत त्याचं नाव न्यूकॅसल आहे.

१९२६ साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ नोंदला गेला. तिथे त्याचा अभ्यास करणाऱ्या डॉयल यांनी तात्पुरतं म्हणून गावाचं नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. पूर्वेकडून आलेल्या जहाजांतून रोग बंदरात उतरला असावा, असा त्यांचा कयास होता. पुढच्याच वर्षी तो कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला दिसला. जवळच मुक्तेश्वरला जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती. तिथल्या एडवर्ड्स यांनी हा वेगळाच रोग असल्याचं नोंदवलं आणि भारतात 'राणीखेत' हे नाव रूढ झालं. या संस्थेचं मूळ आपल्या पुण्यातलं. १८८९ साली ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरच्या थंड हवेत हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

'मानमोडी' हा शब्द मात्र राणीखेत या नावाहून जुना आहे. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला आणि पावसाळा सरता सरता महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला. त्या साथीलाही लोक मानमोडीच म्हणत. देशात एक कोटीहून अधिक माणसं तिने नेली. ज्या शब्दाने घरातली माणसं गेल्याचं सांगितलं, तोच शब्द आपण कोंबड्यांच्या मरणालाही वापरतो.

कोंबड्यांच्या मानमोडीला पुढे लशींचा उतारा मिळाला. त्याची नावं पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी रोजची आहेत: एफ, लासोटा, आरटूबी. लासोटा हे अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका शेतकऱ्याचं आडनाव. १९४६ साली त्याच्या फार्मवर सापडलेल्या सौम्य विषाणूपासून ही लस झाली. आरटूबी मुक्तेश्वरचीच. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एफचा एक थेंब, महिन्याभराने लासोटा, आणि आठव्या आठवड्यानंतर आरटूबी पंखाखाली टोचून. पाड्यावरची अडचण वेगळीच असते. कुपीत शंभर कोंबड्यांपुरती लस असते, ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा विरघळवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? म्हणून अख्ख्या पाड्याने एकच दिवस ठरवून, भल्या पहाटे कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आधी लस द्यावी. तेवढ्याने कितीतरी घरांची अंडी आणि अडीअडचणीला कोंबडी विकून येणारे पैसे वाचतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये 'मानमोडी' या जुन्या शब्दाची मर्यादा वसईला कळली. आधी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला कोंबड्या मेल्या, आणि पाठोपाठ वसई-विरारमधल्या एका पोल्ट्रीतल्या मेलेल्या पक्ष्यांचे नमुने बर्ड फ्लूसाठी पॉझिटिव्ह आले. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला सापडला होता, तोही फेब्रुवारीतच. मानमोडी आणि बर्ड फ्लू हे दोन अगदी वेगळ्या कुळांतले विषाणू, पण खुराड्यापाशी उभं राहून पाहिलं तर मरण सारखंच दिसतं. मानमोडीच्या विषाणूने माणसाचे डोळे आले तर तेवढ्यावर भागतं. बर्ड फ्लू क्वचित माणसाला होतो, पण झाला तर जीव घेऊ शकतो. म्हणून त्याची खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते. आपल्याकडे त्यासाठी लस टोचत बसत नाहीत. बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटर परिघातले पक्षी मारून पुरतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात.

'मानमोडी' या शब्दात कोंबडीला काय झालं ते आहे, कशाने झालं ते नाही. तो डोळ्यांनी ठेवलेला शब्द आहे. नेमका इथेच घोटाळा होतो. 'नेहमीचीच मानमोडी आहे' म्हणून मेलेली कोंबडी ओढ्यात टाकली जाते, आजारी कोंबडी कापून खाल्ली जाते, उरलेल्या घाईघाईने बाजारात नेऊन विकल्या जातात. त्या टोपलीबरोबर रोग पुढच्या गावात जातो, पुढच्या गरिबाच्या दारात. त्यात कुणाची लबाडी नसते, चार पैसे वाचवायची धडपड असते. ती मला समजते, म्हणूनच कळकळीने सांगतो: पहिली मान वाकडी दिसली की उरलेल्या कोंबड्या घरीच कोंडा, मेलेलीला उघड्या हाताने शिवू नका, आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

मानमोडी हा शब्द बापजाद्यांनी आपल्याला सावध करायला ठेवला आहे. तो ऐकल्यावर कोंबड्यांची टोपली उचलून बाजाराची वाट धरू नये.