जहाजाच्या माळ्यावरून संगणकाच्या पडद्यावर

आजचा अभियंता संगणकाच्या पडद्यावर एक वर्तुळ काढतो, त्यापासून काही अंतरावर एक चौकोन काढतो आणि एक आज्ञा देतो. तत्क्षणी एका टोकाला गोल व दुसऱ्या टोकाला चौकोनी अशी घनाकृती उभी राहते. या आज्ञेचे नाव ‘लॉफ्ट’, म्हणजे माळा! घनाकृतीला माळ्याचे नाव का मिळावे?

याचे उत्तर जहाजांच्या कारखान्यांत सापडते. कागदावरील आराखडा लहान प्रमाणाचा. लाकूड कापावयाचे ते मात्र पुऱ्या मापाने. म्हणून पाश्चात्त्य कारखान्यांत एक प्रशस्त माळा राखलेला असे. त्याच्या जमिनीवर जहाजाचे आडवे छेद प्रत्यक्ष मापात रेखाटीत. छेदांना जोडणारी रेषा ओढण्यासाठी लवचीक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून धरीत. कारागीर डोळा लावून पाही आणि कोठे खोच वा फुगवटा दिसला तर वजन किंचित सरकवी.

पुढे विमाने आली, आणि ही विद्या हळूहळू डोळ्याकडून अंकांकडे गेली. अमेरिकेत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीतील रॉय लायमिंग यांनी मस्टँग विमानाचे वक्र शांकवांच्या समीकरणांनी बांधले. 1944 साली त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये सीत्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी 1959 साली वक्र रेखाटण्याची नवी गणिती रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीच्या प्येर बेझिये यांनी स्वतंत्रपणे केलेले काम 1960 नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले, म्हणून ते वक्र आज बेझियेंच्या नावाने ओळखले जातात.

तथापि माळ्यावरील जुनी अडचण अजून संपलेली नाही. दोन आकार ठरले म्हणजे मधला आकार ठरतोच असे नाही. वर्तुळावरील कोणता बिंदू चौकोनाच्या कोणत्या कोपऱ्याशी जोडावयाचा, हे चुकले तर घनाकृतीला पीळ पडतो. तेव्हा अभियंता मध्ये आणखी एखादा छेद घालतो किंवा मार्गदर्शक रेषा ओढतो. वजन सरकवणाऱ्या कारागिराचेच हे काम.

लायमिंग व बेझिये यांची नावे ग्रंथांत राहिली. माळ्यावर गुडघे टेकून रेषा ओढणाऱ्या असंख्य कारागिरांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या कामाच्या जागेचे नाव तेवढे त्या आज्ञेत उरले आहे.