हेल्मेट पारखून घेताना

हेल्मेटची खरेदी बहुधा रंग आणि किंमत पाहून उरकली जाते. वास्तविक ती डोक्याच्या मापापासून सुरू व्हावयास हवी. भुवयांच्या किंचित वर फीत धरून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. नवे हेल्मेट गालांवर दाटून बसते. तो दोष नव्हे, कारण आतील अस्तर वापराने सैलावते. दुकानात ते दहा-पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावे. कपाळावर एकाच जागी रग लागली तर आकार आपल्यासाठी नाही. पट्टा बांधून मागच्या कडेने पुढे ढकलल्यावर निसटणारे हेल्मेट फुकट मिळाले तरी नको.

जीव वाचवतो तो चकचकीत बाह्य कवचाखालचा थर्मोकोलसारखा जाड थर. आघात होताच तो चिरडतो आणि धक्का शोषून घेतो. एकदा चिरडलेला थर पूर्ववत होत नाही आणि बाहेरून ते दिसतही नाही. म्हणूनच अपघातग्रस्त किंवा जुने हेल्मेट विकत घेऊ नये.

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीस्वारांसाठी आयएसआय चिन्हांकित हेल्मेटच विकता येते. तरीही रस्त्याकडेला बनावट चिन्हे सर्रास आढळतात. चिन्हावर 'आयएस ४१५१' हा मानक क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर पडताळता येतो.

पुण्यात हेल्मेटसक्तीवर कितीही वाद झडले असले, तरी मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ पट्टा बांधण्यासही सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार उल्लंघनास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना-अपात्रता आहे.