मेळघाटातलं मचाण

शिकारीच्या इतिहासात बंदुकीबद्दल आपण पुष्कळ वाचतो. पण बंदूकवाला झाडावर चढायचा कसा, हे कोणी विचारत नाही. परदेशात हल्ली खोडाला भोक पाडून, नंतर काढून घेता येतील असे बोल्ट पायरीपुरते बसवतात. आपल्याकडे भागायचं ते बांबूच्या शिडीवर. ते बरंच म्हणायचं, कारण सागाच्या खोडात खिळा राहिला की पुढं करवतीचे दात जातात.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. साहेबाच्या शिकारीत मचाण बांधायला कोरकू, हाका घालायलाही कोरकूच. जमिनीवरून, वाघाच्या बाजूनं. शिडी एकट्या साहेबासाठी! शौर्याच्या गोष्टी मात्र वर बसलेल्यानं लिहिल्या.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. शिकार गेली, मचाण राहिलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशी त्यावर बसून आपण शहरातली माणसं प्राणी मोजतो. बोरी, कोहा, कुंड ही गावं मात्र जंगलातून उठून अकोला जिल्ह्यात, अकोटकडे आली. वाघाला जागा हवी, हे आम्हांला मान्य. पण ती कोणी सोडली, याचीही नोंद त्या मोजणीशेजारी असायला हवी की नाही?