रक्तदात्याच्या अर्जावरचा एक प्रश्न : म्हापसा १९८९ ते दिल्ली २०२५

चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढू लागण्यापूर्वी पोफळी लागते. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली येते आणि इथल्या भूमिगत वीजगृहात त्याची वीज होते, एवढी या गावाची ओळख शाळेतल्या भूगोलाने महाराष्ट्राला करून दिली आहे. अशा गावात शिवजयंतीला किंवा गणेशोत्सवात रक्तदान शिबिर भरले की मांडवावर 'रक्तदान श्रेष्ठदान' अशी पाटी लागते आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हाती एक छापील अर्ज येतो. वजन किमान ४५ किलो आहे का, हिमोग्लोबिन १२.५ आहे का, मागच्या रक्तदानाला पुरुषाच्या बाबतीत ९० दिवस उलटले का, असे प्रश्न. अर्ज मुंबईत भरा की पोफळीत, निकष देशभर एकच आहेत.

त्यांतल्या एका निकषानुसार, पुरुषाशी शरीरसंबंध ठेवणारा पुरुष भारतात आयुष्यभर रक्तदान करू शकत नाही. हा निकष कुठून आला आणि त्यामागे शास्त्र किती, इतिहास किती, याचा हा धागा.

प्रथम नियम. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद व राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी रक्तदाता-निवडीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या १२व्या व ५१व्या कलमांत एच.आय.व्ही. आणि ब व क प्रकारच्या कावीळीचा धोका असलेल्यांची यादी आहे : पारलिंगी व्यक्ती, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने अमली पदार्थ घेणारे, अनेक जोडीदार असणारे. हे सारे कायमचे अपात्र. अंगावर गोंदवून घेतले तर १२ महिने थांबायचे, मलेरिया होऊन गेला तर ३ महिने. या यादीतल्यांना मात्र मुदत नाही.

यादी सावकाश वाचली की तिच्यातली विसंगती ध्यानात येते. अनेक जोडीदार असणे हे वर्तन आहे. सुई टोचून घेणे हेही वर्तन. पारलिंगी असणे हे वर्तन नव्हे, ती व्यक्तीची ओळख आहे. समलिंगी पुरुषांच्या बाबतीत शब्द वर्तनाचे वापरले असले तरी त्यांना काळाची वा परिस्थितीची कोणतीच मर्यादा घातलेली नाही. वीस वर्षे एकाच जोडीदारासोबत राहणारा, दोघांचीही चाचणी निगेटिव्ह असलेला पुरुष आणि गेल्या महिन्यात चार अनोळखी व्यक्तींशी असुरक्षित संबंध आलेला पुरुष हे दोघे एकाच खान्यात बसतात. तेच चार अनोळखी संबंध स्त्रियांशी आले असतील तर ते सांगायचे की नाही, हे त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर सोडलेले असते.

या वर्गीकरणाचा उगम अमेरिकेत आहे. मार्च १९८३ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने धोका अधिक असलेल्या गटांना रक्तदान टाळण्याचे आवाहन केले. तेव्हा एड्सचा विषाणू निश्चित झालेला नव्हता आणि रक्ताची चाचणी अस्तित्वातच नव्हती. दाता कोण आहे एवढेच विचारता येत होते. अशा वेळी गटाकडे बोट दाखवणे कठोर होते, पण अनाकलनीय नव्हते. मार्च १९८५ मध्ये चाचणीला परवाना मिळाला. तर्काने पाहता यानंतर गटाचे महत्त्व कमी व्हायला हवे होते. झाले उलटे : १९७७ नंतर एकदाही पुरुषाशी संबंध आलेल्या पुरुषावर आजन्म बंदी आली.

त्याच काळात हैती देशाच्या नागरिकांचेही नाव धोक्याच्या यादीत होते. १९९० साली अमेरिकेने सगळ्याच हैतीयनांना रक्तदानातून वगळण्याची सूचना काढली. एप्रिलमध्ये हजारो हैतीयन ब्रुकलिन पुलावरून मोर्चाने निघाले आणि वर्ष संपण्यापूर्वी ती सूचना मागे घेतली गेली. राष्ट्रीयत्व हा रक्ताचा दोष ठरू शकत नाही, हे पटायला सात वर्षे लागली. समलिंगी पुरुषांच्या बाबतीत तेच पटायला चाळीस लागणार होती.

आता कोकणात परतू. पोफळीहून चिपळूण गाठून महामार्गाने दक्षिणेला निघाले की सिंधुदुर्ग ओलांडून म्हापसा येते. भारतातल्या एड्सच्या कायदेशीर इतिहासाचे पहिले मोठे प्रकरण इथे सुरू झाले, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक रक्तदाता होता.

डॉमिनिक डिसोझा हे जवळच्याच पर्रा गावचे. नियमित रक्तदान करणारा तरुण अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या चाचणीत एच.आय.व्ही. आढळला, पण ही गोष्ट त्यांना कोणा डॉक्टरने समोर बसवून सांगितली नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस घरी आले. आधी ठाणे, मग रुग्णालय, आणि तिथून वापरात नसलेल्या एका क्षयरोग आरोग्यधामाची खोली. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एड्सच्या भीतीपोटी दुरुस्ती झालेली होती आणि तिच्या आधाराने एच.आय.व्ही.बाधिताला वेगळे ठेवता येत होते. डिसोझा तिथे पहाऱ्यात ६४ दिवस होते. त्यांनी कोणता गुन्हा केला होता? ते रक्त द्यायला गेले होते.

त्यांच्या आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका केली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक यांची सुटका झाली, पण अंतिम निकालात न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाचे आरोग्य यांत संघर्ष आला तर पहिल्याने दुसऱ्यापुढे माघार घ्यावी, असा त्या निकालाचा आशय होता. हे वाक्य लक्षात ठेवावे. ते पुन्हा भेटणार आहे.

डॉमिनिक यांना नोकरी सोडावी लागली. १९९२ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. ओनीर यांच्या २००५ सालच्या 'माय ब्रदर... निखिल' या चित्रपटाला त्यांच्याच जीवनाची प्रेरणा आहे. चित्रपटातला नायक समलिंगी आहे.

गोव्यात एका दात्याभोवती पहारा बसला होता त्याच वर्षी पुण्यातून एक वेगळी बातमी वैद्यकविश्वात पोहोचली. के. बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात पुण्यातल्या व्यावसायिक प्लाझ्मादात्यांमध्ये एच.आय.व्ही.चा उद्रेक झाल्याचे नोंदवले. व्यावसायिक म्हणजे पैसे घेऊन प्लाझ्मा विकणारे. या धंद्याचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. माणसाचे रक्त काढायचे, त्यातला पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा वेगळा करायचा आणि उरलेल्या लाल पेशी त्याच्याच शरीरात परत सोडायच्या. लाल पेशी परत मिळाल्यामुळे अशक्तपणा कमी येतो आणि तोच माणूस थोड्या दिवसांत पुन्हा विकायला येऊ शकतो. सुया, नळ्या यांची स्वच्छता काटेकोर नसेल तर एका बाधिताकडून विषाणू रांगेतल्या बाकीच्यांपर्यंत पोहोचतो. इथे संसर्गाचा संबंध कोणाच्या लैंगिकतेशी नव्हता. तो दारिद्र्याशी आणि निष्काळजी उपकरणांशी होता. जगभर अशा प्लाझ्माकेंद्रांनी हेच केले.

त्यावरचा उपाय कोणता निघाला? 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. रक्ताची खरेदीविक्री थांबवा, रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा करा, राष्ट्रीय व राज्य परिषदा स्थापन करा, असे आदेश झाले आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. आज महाराष्ट्र देशात आघाडीने रक्त गोळा करतो तो स्वेच्छा शिबिरांच्या बळावर, आणि त्या शिबिरांच्या वाढीमागे हा निकाल आहे. भारतीय रक्तपुरवठा सुरक्षित करण्यात याहून मोठा वाटा बहुधा कोणत्याच निर्णयाचा नसेल. त्याने गरिबाला अशुद्ध ठरवले नाही. रक्त विकण्याची व्यवस्था मोडली. ही तुलना तंतोतंत नाही, कारण पैसे घेणारा दाताही आज अपात्रच आहे. पण पैसे न घेता आलेला मजूर त्याच दिवशी पात्र ठरतो. त्याला बाहेर पडण्याचा दरवाजा आहे.

समलिंगी पुरुषांपुढे मात्र दुसरीच अडचण उभी होती. १८६०च्या दंडसंहितेतले ३७७ कलम २०१८पर्यंत, मधली २००९ ते २०१३ ही वर्षे वगळता, लागू होते. म्हणजे अर्जावर खरे उत्तर लिहिणे हे गुन्ह्याची कबुली देण्यासारखे होते. जो नियम सर्वस्वी दात्याच्या खरेपणावर उभा आहे, त्या खरेपणाला कायद्यानेच शिक्षेची भीती घातलेली. अशा परिस्थितीत धोका गाळला जातो की फक्त अदृश्य होतो? गावातल्या शिबिरात, ओळखीच्या चेहऱ्यांसमोर, हा प्रश्न अधिकच बोचतो. भावाच्या शस्त्रक्रियेसाठी घरातले सगळे रक्त द्यायला निघाले असता एकजण मागे राहिला, तर त्याला कारण द्यावे लागते.

शासनाचे वागणेही एकसारखे नव्हते. अशोक राव कवी यांनी १९९४ साली मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' सुरू केला आणि महापालिकेने त्याला वाकोल्याच्या पालिका इमारतीत जागा दिली. एड्सचा सामना या पुरुषांना सोबत घेतल्याशिवाय होणार नाही, हे मुंबईच्या पालिकेला तेव्हाच उमगले होते. पुढे अशाच प्रकल्पांमधून राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे गोळा होऊ लागले. देशातल्या प्रौढांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये सुमारे ३ टक्के. फरक मोठा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. मात्र हे नमुने मुख्यतः प्रतिबंधक प्रकल्पांपर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे आधीच अधिक धोका असलेल्या पुरुषांचे असतात. आणि ३ टक्क्यांचा अर्थ ९७ जणांना संसर्ग नाही, असाही होतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात लैंगिक कलाचाही उल्लेख केला. रक्तदानाची कायम बंदी त्यानंतर दोन महिन्यांच्या आत छापली गेली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७चा तो भाग गेला. अर्ज तसाच राहिला. २०२१ मध्ये मणिपूरच्या पारलिंगी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी या कलमांना आव्हान दिले. त्या मार्चमध्ये, मूळचे नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने केंद्राला नोटीस काढली, पण हा वैद्यकीय विषय असल्याचे सांगून स्थगिती नाकारली. करोनाच्या काळात आप्तांना रक्त देता न येण्याची वेदना त्या याचिकेमागे होती. पुढे शरीफ रांगणेकर यांचीही याचिका आली.

२०२३ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिले. या गटांत संसर्गाचे प्रमाण ६ ते १३ पट आहे, आणि सुरक्षित रक्त मिळण्याचा रुग्णाचा हक्क हा रक्त देण्याच्या हक्काहून मोठा आहे, असा त्याचा गाभा. म्हापशाच्या प्रकरणातला युक्तिवाद चौतीस वर्षांनी दिल्लीत पुन्हा उभा राहिला.

या युक्तिवादातले तथ्य नाकारता येणार नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी परक्याचे रक्त घ्यावे लागते. त्याला निवड नसते. रक्त देणे हा हक्क आहे असे ठामपणे म्हणणेही कठीण. शिवाय चाचणीला 'विंडो पीरियड' असतो : संसर्ग झाल्यानंतरचे काही दिवस तो चाचणीत दिसत नाही. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ दहा-बारा दिवसांवर आणते, पण ती महाग असून देशातल्या सर्व रक्तपेढ्यांत सक्तीची नाही. तालुक्याच्या पातळीवर एलायझावरच भिस्त असेल तर अधिक सावध राहणे भाग आहे. मात्र विंडो पीरियड दिवसांत वा आठवड्यांत मोजला जातो. त्यासाठी तीन महिने थांबवणे समजू शकते. आजन्म थांबवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही, आणि दिल्लीतल्या प्रतिज्ञापत्राची कमकुवत बाजू नेमकी हीच आहे.

इतरत्र हा हिशेब मांडला गेला आहे. इटलीने २००१ मध्येच गट सोडून व्यक्तीचे वर्तन तपासायला सुरुवात केली. अमेरिकेने आजन्म बंदी २०१५ मध्ये एका वर्षावर आणि २०२० मध्ये तीन महिन्यांवर आणली, आणि मे २०२३ मध्ये ती वैयक्तिक धोक्याच्या प्रश्नांनी बदलली. कॅनडात हेच २०२२ मध्ये झाले. ब्रिटनमध्ये जून २०२१ पासून स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकाला गेल्या तीन महिन्यांतल्या नव्या वा अनेक जोडीदारांविषयी तेच प्रश्न विचारतात. उत्तर धोक्याचे असेल तर तीन महिने थांबायचे, मग जोडीदार कोणत्याही लिंगाचा असो. तिथे काही समलिंगी पुरुष परत पाठवले जातात आणि काही भिन्नलिंगी पुरुषही. लंडनला स्थायिक झालेला एखादा चिपळूणकर समलिंगी तरुण तिथे रीतसर रक्त देऊ शकतो. सुट्टीत घरी आला की त्याचे तेच रक्त वर्ज्य होते.

मे २०२५ मध्ये प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या खंडपीठाने, आपण एका संपूर्ण समुदायालाच धोकादायक ठरवत नाही ना, अशी विचारणा केली आणि वैद्यकीय सावधगिरी न सोडता हा कलंक टाळता येईल का, यावर तज्ज्ञांचे मत घेण्यास केंद्राला सांगितले.